आगटीत आधी कोण पडलं?

गेल्या आठवड्यात लेख अतिनवताऱ्याच्या दारात थांबला होता. आज आत शिरायचं ठरलं होतं, पण मानवतहून एका वाचकाचं पत्र आलं आणि बेत बदलला. पत्रात प्रश्न दोनच. जे ॲल्युमिनियम-२६ साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच संपून गेलं, ते कधी काळी होतं हे कशावरून? आणि दरवेळी मेक्सिकोतल्या उल्केचं कौतुक चालतं. आपल्या परभणीकडे कधी काही पडलंय की नाही?

पडलंय की! १९२८ साली. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उल्कांच्या जागतिक यादीत हा पाषाण ‘नाओकी’ या नावाने आहे, वर्ग एच-६. यातला ‘एच’ म्हणजे लोहाचं प्रमाण जास्त आणि ‘६’ म्हणजे भाजणी पक्की. सूर्यमालेच्या आरंभीच्या धुळीतून बनलेले बारीक गोल दाणे अशा दगडांत असतात. कमी भाजलेल्या दगडात ते सुटे सुटे ओळखू येतात. सहाव्या वर्गात मात्र आठ-नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापून त्यांच्या कडा पुसट होतात, पण दगड वितळलेला नसतो.

आता जरा वर खानदेशात जाऊ. एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात १८४३ साली माणेगावची उल्का पडली. तिचा वर्ग डायोजेनाइट. या दगडात दाण्यांचा मागमूसही नाही, कारण तो शिलारस थंड होऊन बनलेला आहे. अशा उल्का वेस्टा या सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहावरून आल्या असं मानलं जातं. २०११-१२ मध्ये ‘डॉन’ यानाने वेस्टाभोवती फिरून केलेल्या नोंदींनी त्याला बळकटी दिली.

एक दगड नुसता भाजला, दुसरा पार वितळला. विस्तव मात्र एकच! ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या ऱ्हासातून उष्णता निघते. लहानसहान ग्रहपिंड त्यानेच तापले असावेत, अशी कल्पना हॅरल्ड युरी यांनी १९५५ मध्ये मांडली होती.

परभणीकडच्या माणसाला पुढचं समजावायला हुरड्याची आगटी पुरेशी आहे. गोवऱ्यांचा आर फुललेला असताना टाकलेलं कणीस करपतं. आर विझत आल्यावर टाकलेलं जेमतेम भाजतं. ॲल्युमिनियम-२६ चं अर्धायुष्य सुमारे ७.२ लाख वर्षं. सूर्यमालेतल्या पहिल्या घन कणांनंतर २० लाख वर्षांनी त्याचा जेमतेम सातवा हिस्सा उरतो. एच वर्गाच्या उल्कांचा मूळ पिंड साधारण त्या सुमारास जमला. वेस्टा त्याआधीच, आर फुललेला असताना जमला होता. शिवाय पिंड मोठा, त्यामुळे आतली ऊब आतच कोंडली.

आता पत्रातला पहिला प्रश्न. मानवतच्या बाजारात कापूस पाहिलेल्याला उत्तर अवघड नाही. रुईच्या गाठी बांधून ट्रक निघून गेले, तरी जिनिंगच्या आवारात उरलेला सरकीचा ढीग बघून किती कापूस आला होता ते सांगता येतं. ॲल्युमिनियम-२६ ची सरकी म्हणजे त्याच्या ऱ्हासातून मागे उरणारं मॅग्नेशियम-२६.

पण मॅग्नेशियम-२६ तर निसर्गात एरवीही असतंच. मग ही सरकी याच कापसाची, हे कसं ठरवायचं? १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात टायफून ली, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांनी मेक्सिकोतल्या त्याच आयेंदे उल्केतल्या पांढुरक्या कणांमधली खनिजं वेगवेगळी तपासली. ज्या खनिजात ॲल्युमिनियम जास्त, त्यात मॅग्नेशियम-२६ ची भरही त्याच हिशेबात जास्त निघाली. योगायोग असा खनिजागणिक बेतून येत नाही. त्यावरून मूळचं प्रमाणही मिळालं: साध्या ॲल्युमिनियमच्या दर १ लाख अणूंमागे किरणोत्सारी अणू ५.

वितळलेल्या दगडात हा पुरावा सापडणं त्याहून कठीण, कारण तो थंड होऊन त्याची खनिजं बनेपर्यंत आर विझत आलेला. ते काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत झालं. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलां इथे उल्का पडली. ती वेस्टाच्याच गोतातली, माणेगावच्या दगडाची भावकी म्हणावी अशी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांना तिच्यात मॅग्नेशियम-२६ ची भर सापडली आणि १९९९ मध्ये ती ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे पहिल्या घन कणांनंतर ५० लाख वर्षांच्या आत तो पिंड वितळून, कवच धरून मोकळा झाला होता.

राहता राहिला हा विस्तव आणला कुणी, हा मूळ प्रश्न. ज्याच्यावर संशय आहे त्या अतिनवताऱ्याला आणखी आठवडाभर ताटकळावं लागणार, कारण त्याच्याआधी कॅल्शियम-४१ ची साक्ष घ्यायला हवी. त्याचं अर्धायुष्य अवघं १ लाख वर्षं. तरीही त्याची ‘सरकी’, म्हणजे पोटॅशियम-४१, कझाकस्तानातल्या एफ्रेमोव्का उल्केत सापडली, आणि १९९४ मध्ये ती शोधणाऱ्यांतही श्रीनिवासन आणि गोस्वामी होतेच. इतक्या झटपट विझणारा माल वाटेत फार रेंगाळलेला असू शकत नाही. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात.