पायांचे डॉक्टर

दातांचा, डोळ्यांचा डॉक्टर आपण जाणतो. इंग्लंड-अमेरिकेत केवळ पायांचेही तज्ज्ञ असतात. त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात. अमेरिकेत पदवीनंतर ४ वर्षे पायांवर भर देणारे वैद्यकीय शिक्षण आणि पुढे ३ वर्षे इस्पितळात उमेदवारी, असा त्यांचा अभ्यास असतो.

कुरूप, रुतलेले नख, टाचदुखी यांवर ते उपचार करतात. पण त्यांचे मोठे काम म्हणजे मधुमेह्याचा पाय वाचवणे. मधुमेहाने तळवे बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची पाळी येते. नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून हे तज्ज्ञ बधिरपणा ओळखतात. वेल्लोरच्या ख्रिस्ती इस्पितळात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांबाबत हेच दाखवले होते: वेदना कळत नाही, म्हणून पाय जातो.

आपल्याकडे असे तज्ज्ञ थोडे. म्हणून मधुमेह असलेल्या बंधुभगिनींनो, शेतात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना दाखवा. वहाणेत खडा नाही ना, हे हाताने चाचपा. कुरूप ब्लेडने कापू नका. जखम दिसताच डॉक्टर गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका.