टॅब्लेटवरचे चित्र टीव्हीवर कसे आणावे



रेडिओवर बोलताना आमची एक अडचण असते. बटण कुठे आहे हे सांगता येते, पण दाखवता येत नाही. म्हणून टॅब्लेट आणि टीव्ही जोडण्याचा हा विषय पत्रकात घेतला आहे. पत्रक टीव्हीशेजारी ठेवा आणि एकेक वाक्य वाचत करून बघा. घरात सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर जवळ बसवा. त्यांची बोटं आपल्यापेक्षा लवकर चालतात.

आता कोणी म्हणेल, सिनेमा बघायला टीव्ही आहेच, मग हा उद्योग कशाला? तर ऐका. कांद्याच्या पातीवर पांढरे ठिपके दिसतात. एक जण म्हणतो करपा, दुसरा म्हणतो फुलकिडे. मुलाने टॅब्लेटवर फोटो काढलेला असतो, पण त्या एवढ्याशा काचेवर सहा डोकी वाकली की चौघांना काहीच दिसत नाही. आजोबांना तर अक्षरही लागत नाही. शेवटी ज्याच्या हातात टॅब्लेट, तो सांगेल ते खरे धरायचे आणि दुकानातून औषध आणायचे. करपा म्हणजे बुरशी, फुलकिडे म्हणजे कीड. बुरशीवर कीटकनाशक मारले तर औषधाचे पैसे गेले, फवारणीची मजुरी गेली, आणि करपा आपला वाढतोच आहे. तोच फोटो चाळीस इंची टीव्हीवर लावला तर घरातली सगळी माणसे एकदम बघतात, आणि वहिनींनाही म्हणता येते, "थांबा, ते पान जरा मोठं करा."

सर्वांनी मिळून ऐकण्याबघण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली होती. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि शंका केंद्राला कळवत. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, त्यांच्यापेक्षा मंडळे असलेल्या गावांत माहिती जास्त पक्की झाल्याचे पाहणीत दिसले. टीव्ही घरचा असो की शाळेचा, एका पडद्यापुढे दहा माणसे बसली तर तोच फायदा आज होतो.

जोडणी करण्यापूर्वी

टॅब्लेट आणि टीव्ही जोडायचे दोन मार्ग आहेत, तारेचा आणि बिनतारी. बिनतारी मार्गात सर्वांत जास्त घोडे अडते ते एकाच ठिकाणी, म्हणून ती गोष्ट आधी नीट समजून घ्या.

टीव्ही आणि टॅब्लेट दोन्ही एकाच वायफायवर असले पाहिजेत. हे चारीच्या पाण्यासारखे आहे. तुमचे शेत मुळा कालव्याच्या चारीवर आणि पाहुण्यांचे प्रवरा कालव्याच्या चारीवर असेल, तर तुम्ही दार कितीही उघडा, पाणी त्यांच्या वाफ्यात जायचे नाही. तसेच टीव्ही घरच्या वायफायवर आणि टॅब्लेट आपल्या सिमकार्डाच्या इंटरनेटवर असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. टॅब्लेटला टीव्ही दिसतच नाही आणि आपण म्हणतो मशीन बिघडले. बिघडलेले काही नसते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्क या नावाखाली कोणत्या वायफायचे नाव आहे ते पाहा आणि तेच नाव टॅब्लेटवर निवडा. काही घरांत पाहुण्यांसाठी वायफायचे वेगळे नाव ठेवलेले असते. त्यावर जोडलेली यंत्रे बहुधा एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा ते नाव टाळा.

वस्तीवर वायफाय कुठले, असे विचाराल. खरे आहे. तिथे तिसरा मोबाईल कामाला लावा. त्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट चालू करा, पासवर्ड पाहून घ्या, आणि टीव्ही व टॅब्लेट दोन्ही त्या मोबाईलच्या वायफायला जोडा. झाली एकच चारी. टॅब्लेटमध्ये आधीच साठवलेला फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा असेल तर त्याला डेटा जवळजवळ लागत नाही, कारण चित्र टॅब्लेटमधून टीव्हीत घरातल्या घरात जाते. पण एक ध्यानात ठेवा. टीव्हीला इंटरनेट मिळाले की तो आपली ॲप अद्ययावत करायला लागतो आणि दिवसाचा डेटा गुपचूप पिऊन टाकतो. काम झाले की हॉटस्पॉट बंद करा.

काही टीव्ही आणि टॅब्लेट यांना मधे वायफायचा डबाही लागत नाही, ते एकमेकांशी थेट जुळतात. तुमचे यंत्र त्यातले आहे की नाही, हे करून पाहिल्यावरच कळते.

आता प्रत्यक्ष कसे करायचे

टीव्ही चालू करा. रिमोटवर सोर्स किंवा इनपुट असे बटण असते, ते दाबा. यादीत स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर किंवा वायरलेस डिस्प्ले यांपैकी एखादे नाव दिसेल, ते निवडा. कंपनीगणिक नाव वेगळे, काम तेच. काही टीव्हींना एवढेही करावे लागत नाही, ते नुसते चालू असले तरी पुरते.

मग टॅब्लेटच्या पडद्यावर वरच्या कडेपासून बोट खाली ओढा. वायफाय, टॉर्च, आवाज अशी छोटी चित्रे दिसतात. एकदा ओढून थोडीच दिसली तर पुन्हा ओढा. त्यात कास्ट, स्क्रीन कास्ट असे नाव शोधा. सॅमसंगच्या टॅब्लेटवर त्याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात. आयपॅड असेल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढायचे आणि एकावर एक ठेवलेल्या दोन चौकटींचे चित्र दाबायचे. मात्र आयपॅडसाठी टीव्हीत एअरप्ले ही सोय असावी लागते. ते चित्र दाबले की टॅब्लेट आसपासचे टीव्ही शोधतो. आपल्या टीव्हीचे नाव आले की त्यावर बोट ठेवा. टीव्हीवर प्रश्न येईल, परवानगी द्यायची का? रिमोटने अलाऊ दाबा. काही टीव्ही चार आकडी क्रमांक दाखवतात, तो टॅब्लेटवर टाकायचा. पाच-दहा सेकंदांत टॅब्लेटवर जे आहे ते टीव्हीवर उमटते. टॅब्लेट आडवा धरला की चित्र पडदाभर होते.

नाव येतच नसेल तर आधी वर सांगितलेली चारी तपासा. ती बरोबर असेल तर टीव्ही आणि टॅब्लेट दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा आणि एक मिनिट थांबायचे. चित्र अडखळत येत असेल तर राउटर किंवा हॉटस्पॉटचा मोबाईल टीव्हीजवळ आणा. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपलीकडे वायफाय दमते.

तारेचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात एक गोम आहे. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचा खाचा असतो आणि टॅब्लेटला चार्जिंगचा. दोन्ही जोडणारी तार बाजारात मिळते. परंतु पुष्कळ स्वस्त टॅब्लेटच्या खाच्यातून फक्त चार्जिंग होते आणि फाईल जाते, चित्र बाहेर पडतच नाही. तार चांगली असली तरी उपयोग नाही. म्हणून टॅब्लेट सोबत न्या, दुकानातल्या टीव्हीला जोडून दाखवायला सांगा, आणि मगच पैसे द्या. टीव्ही स्मार्ट नसेल पण मागे एचडीएमआयचा खाचा असेल, तर त्यात बसणारी छोटी स्टिक मिळते. ती लावली की साधा टीव्हीही बिनतारी चित्र घेतो.

मोठ्या पडद्यावर काय बघावे

कांद्याचे उदाहरण पुरे करू. फुलकिडे पात खरवडून रस शोषतात. त्यामुळे चंदेरी-पांढरे ठिपके पडतात आणि पात वाकडी होते. किडा एक मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसणारा. जांभळ्या करप्याचा डाग आधी लहान आणि खोलगट असतो, पुढे मधे जांभळा होतो आणि कडेला पिवळसर पट्टा येतो. पातीच्या बेचक्यातला फोटो सावलीत, हात स्थिर ठेवून, जवळून काढा आणि टीव्हीवर दोन बोटांनी मोठा करा. फरक घरात बसून दिसतो. अर्थात दोन्ही एकदम असूही शकतात, तेव्हा एका पातीवर निकाल देऊ नका, पाच-सहा झाडांचे फोटो काढा.

मक्यावरची लष्करी अळीही अशीच. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि लवकरच आपल्या मक्यावर आली. तिची खूण म्हणजे डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे केल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. हातात अळी धरून हे ठिपके मोजणे अवघड. टीव्हीवर लहान पोरसुद्धा मोजते. हेच फोटो जपून ठेवा. बाभळेश्वर किंवा दहिगाव-नेच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर राहुरीच्या कृषी विद्यापीठात दाखवले तर तिथल्या मंडळींनाही सल्ला देणे सोपे जाते. औषध कोणते आणि किती, हे त्यांना विचारूनच ठरवा.

पिकाखेरीज कागदही बघावेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची झाली. नोंद बहुधा घरातला तरुण मुलगा करतो आणि बाकीचे विचारतही नाहीत. गटात कांदा किती, ऊस किती, विहीर लिहिली की बोअर, हे सातबाऱ्यासह टीव्हीवर लावून सर्वांनी वाचावे. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या आईने आणि आजीनेही वाचावे. चूक वेळेत दिसली तर दुरुस्त करता येते. नुकसानभरपाईच्या वेळी दिसली तर हेलपाटे ठरलेले.

गावाच्या पातळीवरही उपयोग आहे. हिवरे बाजारला पाऊस किती झाला, पाणी किती मुरले, आणि त्यावर कोणती पिके घ्यायची, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आपल्या गावात असा हिशेब करायचा तर आकडे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लावा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला आकडे दिसले तरच तो प्रश्न विचारतो.

दोन धोके

पडदा मोठा म्हणजे झाकलेलेही मोठे दिसते. टॅब्लेटवर आलेला बँकेचा संदेश, ओटीपी, घरगुती निरोप, सगळे टीव्हीवर उमटते. म्हणून जोडण्यापूर्वी डू नॉट डिस्टर्ब चालू करा. पासवर्ड टाकायचा असेल तर आधी जोडणी तोडा. बँकेचे ॲप उघडल्यावर टीव्ही काळा पडला तर घाबरू नका, ती त्या ॲपने मुद्दाम ठेवलेली खबरदारी आहे. पैसे भरून बघायचे काही सिनेमेही असेच काळे दिसतात.

दुसरा धोका मोठा. स्क्रीन शेअर हाच शब्द चोरही वापरतात. फोन येतो, "बँकेतून बोलतोय, अनुदान अडकलंय, एक ॲप घ्या आणि स्क्रीन शेअर करा." घरच्या टीव्हीला चित्र देणे वेगळे. फोनवरच्या परक्याला आपला पडदा दिला तर तो लांब बसून तुमचा ओटीपी वाचतो. दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी एनीडेस्क नावाचे ॲप आहे. त्याचा असा गैरवापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरही पडदा दाखवता येतो, तोही अनोळखी माणसाला दाखवू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा. जितक्या लवकर कळेल तितके पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

बैठक संपली की टॅब्लेटवर पुन्हा बोट खाली ओढा आणि डिस्कनेक्ट दाबा. शाळेच्या टीव्हीला जोडले असेल तर हे विसरू नका.

इतके करूनही जमले नाही तर आम्हाला पत्र लिहा. पत्रात टीव्ही आणि टॅब्लेट दोन्हींचा मॉडेल नंबर द्या. टीव्हीचा नंबर पाठीमागच्या चिकटपट्टीवर असतो, टॅब्लेटचा सेटिंगमध्ये अबाउट या नावाखाली. टीव्हीवर काय अक्षरे आली तीही जशीच्या तशी उतरवून पाठवा.