धनुर्वाताची टोचणी

चिकूच्या आळ्यांत शेणखत घालतांना, धनुर्वाताचें बीज त्याच शेणांत व मातींत वर्षानुवर्षें टिकतें, हें कितीकांच्या मनांत येतें? मळक्या विळ्यानें नाळ कापल्यास तें अर्भकाच्या अंगांत शिरतें. २०१५ सालीं भारतांतून नवजातांच्या धनुर्वाताचें उच्चाटन जाहीर झालें. त्याचा अर्थ दर जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहून कमी रोगी, इतकाच. झाईची माती तीच आहे.

गरोदरपण कळतांच टीडीची एक टोचणी व चार आठवड्यांनीं दुसरी घ्यावी. मागील तीन वर्षांत गरोदरपणीं दोन झाल्या असल्यास एक पुरते. आईची प्रतिकारशक्ति वारेंतून गर्भास पोंचते. वाडींतील मजूरबाई रोज बुडेल म्हणून मागें राहते. तिला त्या दिवशीं रोज न कापतां सरकारी दवाखान्यांत धाडावें, अशी आमची सूचना आहे; टोचणी तेथें फुकट मिळते.