जबलपूर–नागपूर रस्त्यावरील एक पाठ

जबलपूरहून नागपूरला जाताना पेंचचे अरण्य लागते. तेथे खवासा ते मनसर या महाराष्ट्राच्या हद्दीतील टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या खालून वन्य प्राण्यांसाठी ९ मार्ग ठेवले आहेत. त्यांतील सर्वांत लांब मार्ग ७५० मीटरांचा आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी या मार्गांवर वाघासह १८ जातींच्या प्राण्यांची ये-जा टिपली.

वाहतूक आणि पर्यावरण यांचा संबंध मुलांना शिकविण्यास हे उदाहरण फार सोयीचे आहे. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरील उपग्रहचित्रांत रस्ता व अरण्य एकत्र पाहता येतात. तथापि चित्र दाखविले म्हणजे शिकविले, असे नव्हे. आकाशातून रस्त्याची रेषा ठळक दिसते. तिच्याखालून जाणारी वाघाची वाट दिसत नाही. ती शिक्षकाने शब्दांनीच दाखवावी लागते.

‘अरण्यातून रस्ता जातो’ हे वाक्य मुले सहज लिहितात. ‘रस्त्याखालून वाघ जातो’ हेही त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. कर्ता बदलताच वाट कोणाची, हा प्रश्न मुलांच्याच मनात उभा राहतो. आणि पर्यावरणाच्या शिक्षणाचा आरंभ तेथेच होतो.