विश्लेषण : जुन्या कॉमिक्सवर चित्रकाराची सही घ्यावी का? ‘ग्रेडिंग’ कसे होते?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. तिच्या तळाशी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ, ‘अमर चित्रकथे’तले शिवराय आणि पाने सुटलेला एखादा ‘चांदोबा’ निघतो. धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडच्या घरांतून असे अंक आजवर सर्रास रद्दीच्या तराजूत गेले. आता मात्र कोणीतरी मोबाइलवर शोधाशोध करतो आणि परदेशातल्या लिलावांचे आकडे बघून त्याचे डोळे विस्फारतात. मग प्रश्न सुरू होतात. हे अंक विकता येतील का? चित्रकाराची सही घेतली तर भाव वाढेल का? आणि ते प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा लावतात, तो काय प्रकार असतो?

एवढी चर्चा कशामुळे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’चा पहिला अंक अमेरिकेतल्या लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे ८० कोटी रुपयांना गेला. अंक १९३९चा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना तो दिवंगत आईच्या घरातल्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सापडला होता. त्या भागातल्या थंड हवेमुळे कागद टिकला, असे लिलाव करणाऱ्या संस्थेने सांगितले. त्याला १० पैकी ९ श्रेणी मिळाली होती. हाच अंक फाटका असता तर किंमत याच्या जवळपासही गेली नसती. कॉमिक्सच्या बाजारात अंक कोणता आहे याच्याइतकेच तो कोणत्या अवस्थेत आहे याला मोल असते. ही अवस्था तिऱ्हाइताकडून तपासून घेणे म्हणजे ग्रेडिंग.

ग्रेडिंग कसे होते?

धाराशिवच्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका इथे घरोघरी माहीत आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेका संताचे डोके थोपटले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले. नामदेव कच्चे ठरले आणि रुसले. ग्रेडिंगचा निकाल हाती आल्यावर निम्मे संग्राहक असेच रुसतात, फरक इतकाच की इथे परीक्षकाला आगाऊ शुल्क द्यावे लागते.

या क्षेत्रातली सर्वात मोठी कंपनी सीजीसी. ती २००० साली सुरू झाली, मुख्यालय फ्लोरिडातल्या सॅरासोटा शहरात. अंक तिथे पोहोचला की परीक्षक पाने मोजतात आणि कणा, कोपरे, पिना, मुखपृष्ठाची चमक व कागदाचा रंग पाहतात. कुठे रंग भरून किंवा कागद चिकटवून दुरुस्ती केली आहे का, हेही तपासले जाते. मग ०.५ ते १० यांच्यातला एक आकडा ठरतो आणि अंक पारदर्शक कडक डबीत बंद होतो. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. एकदा स्लॅब झाला की अंक वाचता येत नाही, फक्त पाहता येतो. वाचण्यासाठी छापलेल्या वस्तूचे हे थोडे विचित्रच भवितव्य म्हणायचे.

या मोजपट्टीवरचे शब्दही फसवे आहेत. ‘गुड’ हा शेरा १० पैकी फक्त २ गुणांना मिळतो. भाड्याच्या वाचनालयात फिरलेला, शिक्का बसलेला, पिनेपाशी गंज धरलेला अंक साधारण याच्याच आसपास येतो. आपल्याकडे ‘चांगल्या स्थितीत आहे’ म्हणून विकायला काढलेले बहुतेक अंक तिथेच घुटमळतील.

डबीवरच्या लेबलचा रंगही बोलतो. निळे म्हणजे साधा, जसाच्या तसा अंक. जांभळे म्हणजे दुरुस्ती केलेला, आणि त्याचा भाव उतरतो. पिवळे म्हणजे सही असलेला.

मग घरी असलेल्या सहीच्या अंकाला पिवळे लेबल मिळेल?

बहुधा नाही. लोकांची सर्वात जास्त फसगत इथेच होते.

सीजीसीच्या पिवळ्या लेबलसाठी चित्रकार सही करत असताना कंपनीचा किंवा कंपनीने मान्य केलेला साक्षीदार समोर हजर असावा लागतो. सही झाली की अंक त्याच्या ताब्यात जातो आणि तिथून थेट कंपनीकडे. मधल्या वेळात तो मालकाच्या हातात परत येत नाही. सही कोणी आणि केव्हा केली हे लेबलवर छापले जाते. म्हणजे पैसे मोजले जातात ते शाईइतकेच साक्षीला. गावातल्या सहीच्या कागदावर दोन साक्षीदार का लागतात, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

साक्षीदाराशिवाय घेतलेली सही खरी असली तरी या पद्धतीत ती मुखपृष्ठावर कोणीतरी केलेले लिखाण ठरू शकते. त्यामुळे श्रेणी घटते किंवा वेगळे, कमी मानाचे हिरवे लेबल लागते. २०१४ मध्ये आलेल्या सीबीसीएस या दुसऱ्या कंपनीने जुनी सही हस्ताक्षरतज्ज्ञांकडून तपासण्याचा मार्ग दिला. पण तुलना करायला त्या व्यक्तीच्या सह्यांचे भरपूर खात्रीचे नमुने लागतात. अमेरिकी लेखक-चित्रकारांचे ते मिळतात. मराठी-हिंदी कॉमिक्सच्या चित्रकारांच्या सह्यांचा असा साठा कोणी पद्धतशीर जमवलेला दिसत नाही.

आणि वेळही निघून गेलेली आहे. ‘अमर चित्रकथे’चे संस्थापक अनंत पै २०११ मध्ये गेले. ‘कृष्ण’ चितारणारे राम वाईरकर आज नाहीत. पानापानावर शिवराय उभे करणारे आणि पुढे १९८६ मध्ये ‘नागराज’ला पहिले रूप देणारे प्रताप मुळीकही नाहीत. या मंडळींची पुस्तके मराठी घरांत ढिगाने होती, पण त्यांच्यासमोर बसून सही घ्यावी आणि तिला साक्षीदार ठेवावा, हे त्या काळी कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणच नव्हते. ज्यांच्याकडे त्यांची सही असेल त्यांच्यासाठी ती अमोल आहे. बाजार मात्र पुरावा मागेल.

त्यामुळे अशी सही घरात असेल तर तिच्यासोबतचे सगळे जपावे. कार्यक्रमाची पत्रिका, त्या दिवसाचा फोटो, पत्राचे पाकीट, काहीही. या गोष्टींनी पिवळे लेबल मिळणार नाही, पण पुढचा ग्राहक विश्वास ठेवील.

आज हयात असलेल्या चित्रकारांचे काय?

त्यांच्याबाबत संधी आहे. देशात कॉमिक कॉन २०११ पासून भरते. धाराशिवहून पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठता येते आणि तिथे चित्रकार स्वतः टेबल मांडून बसतात. पुस्तकप्रेमींना याचा सराव आहेच. जानेवारी २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनात लेखकाची सही घेतलेले पुस्तक अनेकांच्या कपाटात असेल.

काही पथ्ये मात्र पाळावीत. बॉलपेन टाळावा, त्याने मुखपृष्ठावर कायमचा खळगा पडतो. गुळगुळीत मुखपृष्ठावर बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर चालतो, पण वर्तमानपत्री कागदावर तोच मार्कर फुटून पलीकडे उमटतो. शाई पुरती वाळल्याशिवाय अंक पिशवीत घालू नये. ‘चि. अमोलला सप्रेम’ असे लिहून घेतले तर अमोलसाठी ते लाखमोलाचे, पण दुसऱ्या अमोललाच विकता येईल.

रेखाचित्राची गोष्ट वेगळी. परदेशी प्रकाशक काही अंक कोऱ्या मुखपृष्ठाचे काढतात, ते चित्रकाराकडून रंगवून घेण्यासाठीच. त्याचे मानधन चित्रकार वेगळे घेतो आणि तो त्याचा हक्क आहे. कोरे मुखपृष्ठ नसेल तर चांगला कागद नेऊन त्यावर चित्र काढून घ्यावे. १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेल्या ‘इंद्रजाल’च्या जुन्या अंकावर, बी. गोविंद यांच्या मूळ मुखपृष्ठावर, दुसऱ्या कोणाकडून रेघोट्या ओढून घेणे हा शुद्ध अविचार आहे.

अंक अमेरिकेला पाठवणे परवडते का?

तपासणीचे शुल्क, दोन्ही वेळचे कुरिअर, विमा आणि परत येताना सीमाशुल्काची कटकट धरली तर एका अंकामागे काही हजार रुपये सहज जातात. ‘अमर चित्रकथे’च्या बहुतेक अंकांची तेवढी किंमतच नाही, कारण त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पहिली छपाई कोणती हे ओळखणे हेच तिथे मुख्य काम. मुखपृष्ठावरची किंमत, आतल्या जाहिराती आणि शेवटी दिलेली प्रसिद्ध पुस्तकांची यादी यांवरून अंदाज बांधता येतो. प्रकाशक म्हणून ‘इंडिया बुक हाउस’चे नाव असेल तर प्रत निदान जुन्या मालकीच्या काळातली.

स्लॅब म्हणजे अंतिम सत्य, असेही नाही. कोणीतरी डब्यांमधले चांगले अंक काढून त्या जागी कमी प्रतीचे अंक घातल्याचे २०२४च्या सुरुवातीला खुद्द सीजीसीनेच जाहीर केले होते. म्हणून विकत घेताना लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तिथला फोटो समोरच्या अंकाशी ताडून पाहावा.

ट्रंकेतल्या अंकांचे आज काय करायचे?

आधी त्यांना पत्र्याच्या खोलीतून आणि माळ्यावरून खाली आणा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखाली त्याहून वर. त्या उष्णतेत वर्तमानपत्री कागद पिवळा पडून चुरचुरू लागतो, आणि पावसाळ्यात उरलेले काम कसर आणि वाळवी करतात. घरातली आतली, कोरडी, उन्हापासून दूरची खोली निवडा. अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घालून उभे ठेवा. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका.

लॅमिनेशन तर मुळीच नको. फाटलेल्या पानाला सेलोटेपही लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. गंजलेली पिन उपटण्याचा मोहही आवरावा. पिन बदललेली आहे हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येते, आणि ओढताना मधले पान फाटले तर गंजाने झाले नसते इतके नुकसान त्या एका झटक्यात होते.