दहिसर नदीकाठी एक रात्र

सप्टेंबरात निसर्ग शिबिरासाठी आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एक रात्र राहिलो. शेजारून तुळशी तलावाकडची दहिसर नदी खळाळत होती. हे वर्षावनच, असे कोणालाही वाटावे! पण ते पानझडी रान आहे. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो बहुतेक चारच महिन्यांत. पुढे आठ महिने कोरडे. साग पाने गाळतो, नदी आटत जाते. कान्हेरीच्या भिक्षूंनी हे ओळखून लेण्यांजवळ कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या. (आजही त्या पाहाव्यात.) सकाळी मार्गदर्शकांबरोबर काठाने चालताना नदीचा तळ स्वच्छ दिसत होता. उद्यानाबाहेर तबेल्यांचे शेण आणि वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात मिसळते. दहिसरच्या पुलावरून तळ दिसत नाही.