पैसे कोणाच्या कपाटात?

लालबागच्या आमच्या बचत गटाची बैठक म्हणजे हिशेब थोडा आणि गप्पाच फार. गेल्या महिन्यात मात्र एक मैत्रीण गप्प गप्प होती. खोदून विचारलं तेव्हा तिला रडूच कोसळलं. तिच्या मसाल्याच्या धंद्यातले ४० हजार रुपये मुलाने मोबाइलवरून 'क्रिप्टो'त घातले होते. त्या एक्स्चेंजवर चोरी झाली आणि खातं गोठलं. "ताई, सरकार यावर कर घेतं ना? मग हे सरकारमान्यच झालं की!"

मी बी.ए. मराठी. मला बिटकॉइनचं काय कळणार! पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. भाचा टोकियोत नोकरीला आहे. त्याला फोन लावला, कात्रणं काढली आणि दोन देशांचा हिशेब मांडला.

आपल्याकडे एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, शिवाय विक्रीच्या रकमेतून १ टक्का कापला जाऊ लागला. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. मार्च २०२३मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. म्हणजे कर आहे, काळ्या पैशावर नजर आहे. पण ग्राहकाचे पैसे अडकले तर काय, हे सांगणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

जपानला ठेच आधी लागली. २०१४मध्ये टोकियोचं 'माउंट गॉक्स' दिवाळखोरीत गेलं. एप्रिल २०१७पासून तिथे एक्स्चेंजना सरकारी नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवणंही आलं. २०१८मध्ये 'कॉइनचेक'वर मोठी चोरी झाली, तसे नियम आणखी कडक झाले. २०२०पासून ग्राहकांची बहुतेक नाणी इंटरनेटला न जोडलेल्या जागी ठेवावी लागतात. जी जोडलेली असतील, तेवढीच नाणी एक्स्चेंजने पदरची बाजूला राखायची.

"मावशी, चोऱ्या इथेही थांबल्या नाहीत," भाचा म्हणाला. "२०२४मध्ये पुन्हा झाली. पण ग्राहकांची भरपाई झाली."

हे मला लगेच कळलं. गटाचे पैसे आपण घरखर्चाच्या डब्यात मिसळतो का? नाही ना! तेवढंच तर जपानने कायद्यात लिहिलं.

मैत्रिणीला मी सांगितलं, कर म्हणजे हमी नव्हे. खात्याचे सगळे कागद जपून ठेवायला लावले, एक्स्चेंजकडे लेखी दावा करायला लावला. पैसे कधी मिळतील, कोण जाणे! गिरण्या बंद पडल्यावर थकलेल्या देण्यांसाठी हेलपाटे घातलेली आमची वस्ती. वाट बघणं आम्हाला नवं नाही.

मुलगा आता संध्याकाळी आईच्या पुड्या बांधायला बसतो. तुमच्या घरातला मुलगा मोबाइलवर पैसे 'वाढवत' असेल, तर रागावू नका. एवढंच विचारा, "बाळा, हे पैसे आत्ता कोणाच्या कपाटात आहेत, आणि किल्ली कोणाकडे आहे?"